होडीतला वाघ

होडीतल्या वाघाची गोष्ट तुम्हा दोघा नातवंडांना पाठ आहे. नावाड्याच्या होडीत, टोपल्यांच्या मधोमध, एक वाघ बसला आहे. त्याचं नुसतं तोंड दिसतं, कारण मान वर करायची नाही या अटीवरच नावाड्याने त्याला होडीत घेतलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी चित्रांचं एक पुस्तक होतं, त्यात हे चित्र होतं. माझ्या आईने ते मला जसं दाखवलं, तसंच मी तुम्हाला फोनच्या पडद्यावरून सांगत आले. थोरलीने त्याचं चित्र काढून पाठवलं, त्यात वाघाला लोकरीची टोपी आहे. तिकडच्या थंडीमुळे असेल.

त्या वाघाबद्दल या महिन्यात जे घडलं ते नीट क्रमाने लिहून ठेवते आहे. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील. मधलं काही तिने गाळू नये, एवढी तिला विनंती.

गावातल्या वाचनालयात मी आठवड्यातून दोनदा सकाळी जाते. पावसाळा संपला की तिथली पुस्तकं उन्हात काढावी लागतात. चार महिन्यांची ओल कागदात मुरलेली असते, पानं एकमेकांना धरून बसतात, कापडी पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी येते. यंदा मुलांच्या पुस्तकांचं कपाट माझ्याकडे आलं. मागच्या अंगणात जुन्या चादरी घालून मी एकेक पुस्तक उघडून उभं करत होते. तळाच्या कप्प्यातून एक पातळ, आडवं पुस्तक निघालं. मुखपृष्ठ पाहिलं आणि मी तशीच पायरीवर बसले.

तेच पुस्तक. तोच गोल पोटाचा, मोठ्या मिशांचा नावाडी, तीच जाड निळ्या रेघांची नदी. आमचं पुस्तक आमच्या मामाने आणलं होतं. मामा मुंबईला एका छापखान्यात बांधणीच्या खात्यात कामाला होता. रंग सरकलेल्या प्रती विकायला जात नसत, त्या तो गणपतीला येताना आमच्यासाठी घेऊन यायचा. त्यामुळे आमच्या पुस्तकांत माणसांच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर असायचा आणि झाडांची हिरवाई झाडांच्या शेजारी. आमच्या नावाड्याच्या गुडघ्यांवर नदीचा निळा चढला होता. होडी गळते आहे आणि तो पाण्यात बसून वल्ही मारतो आहे, असं मी कित्येक वर्षं समजत होते. वाचनालयाच्या प्रतीत नदी नदीच्या जागी होती. गुडघे कोरडे होते. इतक्या वर्षांनी तो माणूस पाण्याबाहेर आलेला पाहून मला हसू आलं.

हसतच मी होडीचं पान उघडलं. डावीकडे नावाडी. उजवीकडे इरलं पांघरलेली एक बाई. मध्ये टोपल्या, आणि टोपल्यांच्या मध्ये होडीच्या फळ्या. नुसत्या फळ्या.

मी पान उलटलं. पुढच्या चित्रात पलीकडचा काठ होता, उंच गवत होतं आणि गवतातून वाघ बघत होता. एकटा. होडीत तो कुठेच नव्हता, शेवटपर्यंत नव्हता. शेवटच्या पानावर तो होडीकडे पाठ फिरवून रानात निघून जातो.

"बाई, ऊन लागलं का?" वाचनालयातल्या बाईंनी आतून विचारलं.

"नाही हो. जरा बसले."

पुस्तक मी घरी आणलं. शिवण तपासली, पानं निसटलेली नव्हती. आकडे सलग होते. आमच्या प्रतीत वेगळं चित्र असेल, असंही मनात आणून पाहिलं. पण छापखान्यात रंग सरकतो, त्याने अख्खा वाघ होडीत येऊन बसत नाही. उरली एकच शक्यता. दोन पानं माझ्या डोक्यात एक झाली होती. आणि ज्याला मी गेली साठ वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं म्हणत होते, ते मी पाहिलेलंच नव्हतं.

एका चित्रासाठी इतकं काय, असं तुम्हाला वाटेल. म्हणून माझ्या आईचं सांगायला हवं.

शेवटची चार-पाच वर्षं ती इथे माझ्याकडे होती. तिचा आजार चाव्या हरवण्यापासून सुरू झाला नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "इथली खिडकी कोणी बुजवली?" जिथे ती बोट दाखवत होती तिथे कधीच खिडकी नव्हती. मी तसं सांगितलं. ती चिडली. त्या खिडकीतून समोरचा फणस दिसायचा, खिडकीला निळा रंग होता, खालचा गज वाकलेला होता, सगळं तिने सांगितलं. तिच्या आवाजात शंका नव्हती. ती मला समजावत होती, मी वेडी असल्यासारखी. पुढे काय झालं ते तुमच्या आईने कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये पाहिलं आहे, त्यामुळे ते मी लिहीत नाही.

तुमचे आजोबा गेल्यावर तुमची आई म्हणाली, घर बंद कर आणि आमच्याकडे चल. मी नाही म्हटलं. बरीच वादावादी झाली. शेवटी आमच्यात ठरलं ते असं: मी इथे एकटी राहीन, पण ज्या दिवशी माझा माझ्या डोक्यावरचा भरवसा उडेल, त्या दिवशी मी स्वतः फोन करून सांगेन. लपवणार नाही. मग घर बंद, आणि मी तिकडे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी कधी शब्द मोडत नाही.

होडीतल्या रिकाम्या फळ्या पाहिल्या तेव्हा तो फोन करण्याची वेळ आली, असं मला वाटलं. मी तो केला नाही. आधी खात्री करून घेते, असं स्वतःला सांगितलं.

खात्री कशाने करायची, हेच कळेना. कपाटं, औषधं, बँकेची कामं, सगळं जागच्या जागी होतं. पण जुन्या गोष्टी? तुमचे आजोबा मला पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा त्यांच्या शर्टाला शाईचा डाग होता, हे मी तुम्हाला सांगितलं आहे. होता का? माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शिकायला पाठवलं तेव्हा माझी आजी तीन दिवस जेवली नाही, हेही सांगितलं आहे. हे खरं की मी दोन पानं जोडली? एकेक आठवण उचलून उन्हाकडे धरावी आणि आरपार काहीच दिसू नये, असं चाललं होतं. ज्यांना विचारायचं ती माणसं उरलेली नाहीत. एक ताई सोडून.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, नाटे गावात असते. सकाळच्या एसटीने निघाले. भाट्याचा पूल गेला, पावस गेलं, पूर्णगडची खाडी आली. आदिवऱ्याच्या पुढे कातळावरचं गवत सोनेरी झालं होतं. एरवी मी खिडकी सोडत नाही. त्या दिवशी वाक्य जुळवत बसले होते. ताईला सरळ "होडीत वाघ होता ना?" विचारलं, तर ती होय म्हणेल, आणि मला काहीच कळणार नाही. प्रश्नात उत्तर असता कामा नये, हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आले.

ताई मागच्या दारी सुकट पाखडत होती.

"काय गो बाय, वर्दी न देता? घर विकायला काढलंस की काय?"

"नाही. सहज आले."

"तू आणि सहज? तू शिंकायला पण वेळापत्रक बघून शिंकतेस."

चहा झाला. तिच्या सुनेची चौकशी झाली, माशांचे भाव झाले. मग मी विचारलं, "ताई, मामाने आणलेलं ते नावाड्याचं पुस्तक आठवतं?"

"आठवतं तर. गुडघ्यापर्यंत बुडालेला."

"त्याच्या होडीत कोण कोण होतं?"

"तो होता. इरल्यातली म्हातारी होती. टोपल्या होत्या." ताईने सुपातला कचरा फुंकला. "आणि वाघ."

माझ्या अंगावर काटा आला. पण आनंद टिकला नाही. हेच मी तिच्यासमोर तुमच्या आईला, मग तुम्हाला, किती वेळा सांगितलं असेल. आणि दुसरं असं की ताईही आमच्या आईचीच मुलगी. एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकाच चुकीची साक्ष दिली, तर ती साक्ष कसली?

"तू माझ्याकडून ऐकलं असशील," मी म्हणाले.

"तुझ्याकडून? मेले, पुस्तक माझ्या मांडीवर असायचं आणि तू शेंबूड पुसत बाजूला. मी तुझ्याकडून ऐकणार!"

पिशवीतून वाचनालयाची प्रत काढून मी तिच्यापुढे ते पान धरलं. तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. चित्रावरून बोट फिरवलं, जणू वाघ फळ्यांखाली असेल. तिचा चेहरा उतरला तेव्हा मला वाटलं, उगीच आले. माझं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं.

"हे आपलं नाही," ती म्हणाली.

"तेच आहे ताई. छापणारा तोच, चित्रं तीच."

"आपलं नाही म्हणते ना. आपलं माझ्या ट्रंकेत आहे."

आईचं घर आवरताना पुस्तकं कुठे गेली ते मला माहीत नव्हतं. मी तेव्हा परीक्षांच्या कामात होते, आवराआवर ताईनेच केली होती. तिच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती. गोधड्यांच्या खाली, वाळक्या कडुनिंबाच्या पाल्यात ती सगळी होती: उंदरांच्या लग्नाचं, बाजाराचं, आगगाडीचं, मुळाक्षरांचं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. बाजारातल्या भाजीवालीच्या नाकावर वांग्यांचा जांभळा रंग अजून तसाच होता. उंदरांच्या वरातीतला सनईवाला, ज्याचे गाल पाहून आम्ही पोट धरून हसायचो, तो इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं, अंगठ्याच्या नखाएवढा. या चित्रकारांनी त्या नखाएवढ्या उंदराच्या पायात चढाव, म्हणजे जुन्या पद्धतीचे जोडे, घातले होते, त्यांना चोचीही काढल्या होत्या. कोणी बघणार आहे की नाही, याचा विचार न करता.

पानोपानी ठिगळं होती. आमची आई फाटलेली पानं तांदळाच्या पिठाच्या खळीने चिकटवायची. मामा तिला दरवर्षी सांगायचा, खळीत मोरचूद घाल, नाहीतर कसर लागेल. छापखान्यात तसंच करतात. आई म्हणायची, पोरं बोट चाटून पानं उलटतात, मी विष घालू? मग खळीच्या वासाने कसर यायची, पान खायची, भोक पडायचं. आई त्या भोकावर लग्नपत्रिकेचा नाहीतर कॅलेंडरचा तुकडा लावायची, पुन्हा खळीने. आणि त्यावर पेन्सिलीने गेलेला भाग काढायची. शेळीचा पाय, स्टेशनचं घड्याळ. पुढच्या वर्षी कसर तेही खायची. पुस्तकं वाचवण्याच्या नादात आमच्या घराने कित्येक वर्षं किड्यांना जेवू घातलं.

नावाडी अगदी खाली होता. ताईने ते पान काढलं.

होडीत वाघ होता. टोपल्यांच्या मधोमध, नुसतं तोंड.

होडीच्या फळ्यांच्या जागी पेढ्याएवढं भोक होतं. त्या भोकातून पुढच्या पानावरचा गवतातला वाघ बरोबर होडीत येऊन बसला होता. मी पान जरासं उचललं, वाघ गेला. खाली टेकवलं, वाघ आला. असं कितीदा केलं, माहीत नाही.

"बघ," ताई म्हणाली. "शिकलेली म्हणे."

मी रडत होते. आनंदाचं की भीतीचं, ते मला सांगता येणार नाही. आई आम्हाला भोक दाखवत नव्हती, वाघ दाखवत होती. नावाड्याला भीती नाही वाटली का, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती की मान खाली घालून बसायचं वाघाने कबूल केलं आहे, म्हणून तर तोंडच दिसतं. ते मला शब्दन् शब्द बरोबर आठवत होतं.

"एवढं एकच भोक तिने बुजवलं नाही," मी म्हणाले.

"बुजवलं होतं. तू रडून घर डोक्यावर घेतलंस. वाघ बुडाला, वाघ बुडाला म्हणून. जेवेनास, झोपेनास. मग तिने फडकं ओलं करून ठिगळ भिजवलं नि काढलं. हे बघ."

भोकाभोवती पिवळसर कडं होतं, वाळलेल्या खळीचं. कागद तिथे खरबरीत होता.

"हे मला आठवत नाही," मी म्हणाले.

"कसं आठवेल, डोळे मिटून भोकाड पसरलं होतंस."

ताई हसली. मला हसता आलं नाही. मला आठवत होतं ते खरं ठरलं होतं, पण त्याच्या शेजारचं, तितकंच मोठं, माझ्याकडे नव्हतंच. ते कधी नव्हतं की अलीकडे गेलं, हे मी कोणाला विचारणार? ताईने दिलं नसतं, तर ते नाही हेही मला कळलं नसतं.

संध्याकाळच्या गाडीने परत आले. पुस्तक ताईने दिलं नाही. "तू ते झटकून, पुसून, प्लॅस्टिकात घालशील," म्हणाली. खरं आहे.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. वाचनालयापासून सुरुवात केली, भोकापर्यंत आले. मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल.

"आई, हे कधीचं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे तुला वाटत होतं की तुझं डोकं दगा देतंय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"खात्री करून मग सांगणार होते. आणि बघ, माझी आठवण बरोबर निघाली."

"वाघाचं जाऊ दे गं. आपलं काय ठरलं होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू स्वतः सांगशील, असं ठरलं होतं. आजीला तिच्या खिडकीची खात्रीच होती ना? ती कोणाला फोन करणार होती?"

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी इतकंच म्हणाले की तुझं बरोबर आहे, आणि डॉक्टरांची वेळ घेते. कोल्हापूरला एक चांगले आहेत, त्यांची वेळ मिळाली आहे. ताई बरोबर येते म्हणाली. "दोघींची डोकी एकदमच बघू दे त्याला, त्याचा पण वेळ वाचेल." ती हे थट्टेत म्हणाली, असं मी धरून चालले आहे.

तुमच्या आईशी नवं ठरलं ते असं. माझ्यावर लक्ष मी ठेवायचं नाही, तुम्ही ठेवायचं. मी काही चुकीचं सांगितलं, एकच गोष्ट पुन्हा सांगितली, नसलेलं काही दाखवलं, तर लगेच थांबवायचं. आजीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही. मी आयुष्यभर मुलांच्या चुका लाल पेनने काढल्या, मला त्याची सवय आहे, असं मी तिला म्हणाले. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय होती, ते तिने बोलून दाखवलं नाही.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर होता. मी तुम्हाला ताईच्या ट्रंकेतल्या उंदरांच्या लग्नाचं सांगायला घेतलं. सनईवाला, त्याचे फुगलेले गाल, पायातले चढाव. मी रंगात आले होते. धाकट्या, तू मध्येच म्हणालास, "आजी, हे तू सांगितलंस. बुधवारी."

पाठीमागे तुझी आई होती. थोरलीने तुला कोपराने ढोसलं, ते मला पडद्यावर दिसलं. तिला म्हणावं, त्याला ढोसू नकोस. त्याने ठरल्याप्रमाणे केलं.

बुधवारी आपण बोललो होतो, ते मला आठवत होतं. तुझ्या शाळेच्या डब्याबद्दल बोललो होतो. उंदरांबद्दल बोललेलं मला आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. मी "बरं" म्हटलं, आणि तुला विचारलं की मी बुधवारी काय काय सांगितलं होतं ते आता तू मला सांग. तू सगळं सांगितलंस, चढावांच्या चोचीसकट. कुठेही चुकला नाहीस.